तिसऱ्या प्रहरीचा थकवा आणि साठीकडे झुकलेली नोकरी

प्रश्न : माझे वय ५७ असून मी रबाळे येथील एका औषधनिर्मिती कंपनीत गुणवत्ता विभागात काम करतो. गेल्या वर्षी आमच्याकडे हाताने लिहिण्याच्या नोंदी बंद होऊन सारे काम संगणकावर गेले. तरुण सहकारी त्यात लगेच सराईत झाले, मी मात्र मागे पडतो. दुपारी तीननंतर अंगात त्राण उरत नाही आणि बैठकांमध्ये मी हल्ली गप्पच असतो. निवृत्तीला तीन वर्षे आहेत. ती कशीबशी ढकलावीत का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : आपण तीन निरनिराळ्या तक्रारी एकट्या वयाच्या खात्यावर मांडल्या आहेत. त्या आधी सुट्या करायला हव्यात, कारण प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली तक्रार थकव्याची. तो रविवारी घरी असतानाही येत असेल, तर प्रथम डॉक्टरांकडे जावे आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर व ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी करावी का, हे विचारावे. मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ब-१२ कमी होऊ शकते आणि शाकाहारी व्यक्तींत ही शक्यता अधिक असते. रात्री मोठ्याने घोरणे आणि झोपूनही सकाळी ताजेतवाने न वाटणे, हेही डॉक्टरांना सांगावे. थकवा फक्त कामाच्या दिवशी येत असेल, तर दिवसाची मांडणी बदलून पाहावी. जेवणानंतरची सुस्ती पंचविशीतल्या मुलालाही येते. शिवाय वय वाढते तशी बहुतेकांना लवकर झोप व लवकर जाग येऊ लागते, त्यामुळे सकाळचे तास अधिक तरतरीत जातात. डेव्हिएशनची (ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या फरकाची) कारणमीमांसा, बॅच रेकॉर्डची (औषधाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदींची) बारकाईने तपासणी अशी कामे सकाळी उरकावीत आणि फोन, पत्रव्यवहार, प्लांटमधील फेरी तीननंतर ठेवावी.

व्यायामाबद्दल थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारणारी आपली मंडळी यातील पहिला भाग मनापासून पाळतात आणि दुसरा सोयीस्करपणे विसरतात.

आपल्या गप्प बसण्याविषयी मला वेगळीच शंका येते. वयानुसार ऐकू कमी येऊ लागते तेव्हा उंच स्वर आधी जातात. आवाज कानावर पडतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने स्पष्ट होत नाहीत, आणि घुमणाऱ्या काचेच्या खोलीत एसीच्या घरघरीत दोघे-तिघे एकदम बोलू लागले की वाक्याचे टोक निसटते. निसटलेले जुळवण्यात मेंदूचे इतके श्रम खर्च होतात की बोलायला काही सुचत नाही आणि संध्याकाळी डोके जड होते. समोरच्यांचा मात्र समज होतो की यांना आता रस उरलेला नाही. घरी दूरचित्रवाणीचा आवाज आपण मोठा ठेवता का, हे पत्नीला विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर कानाच्या तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्यावी. चष्मा लावताना कोणी लाजत नाही, श्रवणयंत्राबाबत मात्र उगाचच संकोच केला जातो.

तिसरी तक्रार वेगाची, आणि ती खरी आहे. नवी माहिती झटपट हाताळण्याचा वेग तिशीनंतरच हळूहळू उतरू लागतो. शब्दसंपदा आणि अनुभवातून साठलेले ज्ञान मात्र साठीपर्यंत, पुष्कळांचे त्यापुढेही टिकते. म्हणून टंकनाच्या वेगात तरुणांशी स्पर्धा करू नये. ओलावा शोषणारी पावडर पावसाळ्यात पंचला (गोळी दाबणाऱ्या यंत्राच्या दांड्याला) का चिकटते आणि त्या वेळी नोंदीत नेमके काय तपासायचे, हे ज्याने अनेक पावसाळे पाहिले त्याला विचारावे लागते. ऑडिटची पूर्वतयारी आणि नव्या मुलांना डेव्हिएशनचे मूळ कारण शोधायला शिकवणे, ही कामे आपल्याकडे द्यावीत, असे वरिष्ठांना स्वतःहून सांगावे. त्यांना ते आपोआप सुचेल, अशी वाट पाहू नये. संगणकप्रणालीही शिकायलाच हवी. ती एखाद्या तरुण सहकाऱ्याकडून, स्वतःच्या चालू कामावर, एका वेळी एकच भाग घेऊन आणि स्वतःच्या हाताने टिपणे काढून शिकावी. ‘द्या काका, मी करतो’ हे प्रेमळ वाक्य मात्र ठामपणे नाकारावे.

अशा वेळी ई. श्रीधरन यांचा दाखला हमखास दिला जातो. १९९० मध्ये, ५८ व्या वर्षी, ते रेल्वेतून निवृत्त झाले, लगेच कोकण रेल्वेचे प्रमुख झाले आणि पुढे त्यांनी दिल्ली मेट्रो उभी केली. परंतु त्यांना अधिकार मिळाले होते, तसे सर्वांना मिळत नाहीत. आपल्या उपयोगाचा भाग इतकाच की त्यांनी धंदा बदलला नाही. रूळ आणि पूल हेच त्यांचे काम राहिले.

प्रश्न : मी ६३ वर्षांची, बँकेतून निवृत्त झाले असून वाशीतील एका सनदी लेखापालांकडे जीएसटीचे काम करते. काम आवडते, पण महिन्यातील काही दिवस फार दमवतात. मुलगा म्हणतो, आता घरी बस.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपला थकवा तारखा ठरवून येतो, ही मोठीच सोय आहे. मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला संपते, त्यामुळे ताण नेमका कधी येणार हे वर्षभर आधी ठाऊक असते. त्या दोन्ही तारखांच्या आधीचे तीन-चार दिवस पूर्ण काम, उरलेल्या दिवसांत अर्धा वेळ किंवा घरून काम, असा करार मालकांशी लेखी करावा. ग्राहकांची बिले महिनाभर थोडी थोडी मागवली तर शेवटच्या दिवसांची रेटारेटीही कमी होईल. ताणाच्या दिवसांत घरी स्वयंपाक कोण करणार, हे मुलाशी बसून आजच ठरवावे. घरी बसण्याचा सल्ला देणाऱ्याने एवढे करायला हरकत नसावी.