स्मोक डिटेक्टर रात्री सारखा पी पी करतो, बॅटरी काढून ठेवली तर चालेल का? आणि टेस्ट कसा करायचा?

नाही चालणार. नवीन बॅटरी हातात असेल तरच जुनी काढायची.

आमचं घर खानापूर तालुक्यात, पॅसेजच्या स्लॅबला डिटेक्टर आहे. गणपतीला ताई-दाजी आले होते आणि त्याच रात्री त्यानं मिनिटा-मिनिटाला पी करायला सुरुवात केली. बॅटरी उतरत आली की पहाटेच्या गारव्यात तिचं व्होल्टेज अजून पडतं, म्हणून रात्रीच वाजतं, मशीन बिघडलेलं नसतं. पण दाजी उठले, स्टुलावर चढले, बॅटरी काढून देवळीत ठेवली आणि झोपले, कुणाला सांगितलं पण नाही. आईच्या खोलीतली डासांची कॉईल गोधडीला लागली. जाळ काहीच नाही, आतल्या आत नुसती धुमसत होती. आईला ठसका लागला म्हणून मी उठलो, ट्यूब लावली तरी समोरचं कपाट दिसंना. गोधडी ओढत अंगणात पावसात टाकली तरी मधल्या थरातनं धूर येतच होता, वरनं बादलीनं पाणी ओतलं तेव्हा थांबला. आणि पॅसेजमध्ये बघतो तर डिटेक्टरचं झाकण लोंबकळतंय.

दाजी अजून म्हणतात, एवढ्याशा धुरानं काय होतंय, आपल्या आया चुलीपुढंच बसायच्या की. दाजी, चुलीपुढं माणूस जागं असतंय. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासानं जाग येईलच असं नसतं, आवाजानं येते, म्हणून तर ते कर्कश वाजतं. झोपमोड झाली म्हणून ज्यानं बॅटरी काढली त्यानं त्या रात्री जागं बसावं, माझं मत हेच आहे आणि मी ते पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलंय.

टेस्ट म्हणजे महिन्यातनं एकदा बटन दाबून धरायचं, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आतल्या खोलीत दार लावून बसवा आणि ऐकू आलं का विचारा. 9 व्होल्टची बॅटरी वर्षाला बदला. 10 वर्षं झाली की अख्खा डिटेक्टरच बदलायचा, तारीख मागच्या बाजूला असते. नवीन घेताना फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे आतल्या उजेडाच्या झोतावर धूर ओळखणारा घ्या, धुमसणारी आग तो लवकर पकडतो.

बटनानं हॉर्न आणि सर्किट कळतं, जाळीत धूळ बसलीय का ते कळत नाही. पावसाळ्यात लाईटीचे किडे आत शिरून पण उगीच वाजतो, व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशनं साफ करा. स्वयंपाकाच्या गॅसपासनं 3 मीटर तरी लांब लावा. सील्ड बॅटरीवाला असेल तर बॅटरी बदलता येत नाही, तो आख्खाच बदलायचा. आणि बाथरूमला गॅस गिझर असेल तर त्याचा कार्बन मोनॉक्साईड, म्हणजे बिनवासाचा विषारी वायू, यात कळत नाही, त्याचा अलार्म वेगळा मिळतो.