शाफ्ट जाड नको, सरळ हवा

प्रश्न : काका, मी पेनसिल्व्हेनियात राहतो. घरामागच्या जमिनीसाठी जुना कब कॅडेट १२४ हा छोटा ट्रॅक्टर घेतलाय, गिअरचा, १२ हॉर्सपॉवर कोहलर इंजिनाचा. अर्ध्या थ्रॉटलला ठीक चालतो, पूर्ण थ्रॉटलला पायाखालचा पत्रा झिणझिणतो. मागच्या कपलिंगच्या (शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणाऱ्या तुकड्याच्या) पिनाही सारख्या तुटतात. मूळचा ५/८ इंची ड्राइव्ह शाफ्ट काढून पाऊण इंची टाकावा आणि बॅलन्स करून घ्यावा, असं मनात आहे. शाफ्टचं पुढचं टोक ज्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या छोट्या नळीत, बसतं, त्याऐवजी नीडल बेअरिंग चालेल का? गावी वडिलांचा बी-२७५ होता, म्हणून त्याच घराण्यातला ट्रॅक्टर हौसेने घेतला.

उत्तर : घराणं बरोबर ओळखलंत. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६३ मध्ये महिंद्र आणि व्होल्टासला बरोबर घेऊन मुंबईत ट्रॅक्टर कंपनी काढली, तिचाच बी-२७५. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत हार्वेस्टरच्याच कब कॅडेटच्या ७० आणि १०० या मॉडेलांत इंजिनाकडचा पट्टा गेला आणि इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत एकच शाफ्ट आला. तुमच्या १२४ मध्येही तीच मांडणी आहे. या शाफ्टला जीपसारखा क्रॉस, म्हणजे कोनातही फिरणारा सांधा, नाही. म्हणजे इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा इनपुट एका रेषेत नसतील, तर तो फरक झेलायला मध्ये कुणीच नाही. सगळा त्रास पिना सोसतात. पूर्ण थ्रॉटलला ३६०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला ६० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पीन भोकात जराशी घासते, भोक लांबट होतं आणि एक दिवस पीन तुटते.

खर्च करण्याआधी एक चाचणी करा. गिअर न्यूट्रलला ठेवा, थ्रॉटल पूर्ण द्या आणि क्लच दाबा. शाफ्ट थांबेल, इंजिन फिरत राहील. झिणझिण थांबली तर दोष शाफ्ट-क्लचकडे. तशीच राहिली तर इंजिनाचे बोल्ट आणि पुढची पुली तपासा. एका सिलिंडरचं इंजिन थोडं हलणारच, ते सोडून द्या.

आता जाडी. दोन आधारांत अर्धा मीटर अंतर धरलं, तरी ५/८ इंची भरीव शाफ्ट स्वतःहून थरथरायला लागण्याचा वेग साडेसात हजार आरपीएमच्या आसपास येतो. तुमचं इंजिन त्याच्या निम्म्यावर. म्हणजे जाडी पुरेशी आहे. पाऊण इंची घातलात तर क्लचच्या प्लेटा, रिलीज बेअरिंग, कपलिंग, सगळ्यांची भोकं वाढवत बसाल, आणि एक भोक मध्यापासून सरकलं की नवा असमतोल विकत घेतलात.

शाफ्ट काढा. क्लचची स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत असते, त्यामुळे ती आवळून धरल्याशिवाय पीन ठोकू नका. तोंडावर उडाली तर डोळा जाईल. दोन्ही टोकं व्ही-ब्लॉकवर (व्ही खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून मध्ये डायल गेज (काट्याचं मापयंत्र) लावा आणि हाताने सावकाश फिरवा. काटा ०.१० मिमीपेक्षा जास्त हलला तर मी तो शाफ्ट पास करत नाही. मग पुढचं नाक बघा, जे बुशमध्ये शिरतं. तिथे नखाला पायरी लागली तर शाफ्ट बदला. घासलेल्या नाकावर वेल्डिंग भरून टर्निंग करणारे भेटतील, पण त्या उष्णतेने शाफ्ट वाकतो, म्हणून मला ते पटत नाही.

नवा करताना ४१४० पोलादाचा ग्राइंड केलेला बार घ्या. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याला ईएन-१९ म्हणतात, साधारण तेच हे. कपलिंग शाफ्टवर चढवून, दोन्ही एकत्र पकडूनच पिनेचं भोक पाडा आणि रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवा. पीन गुंडाळलेल्या पत्र्याची घ्या, एका बाजूला चीर असलेली नको.

नीडल बेअरिंग नको. त्याच्या सुया थेट शाफ्टवर फिरतात, त्यासाठी नाक ५८ रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) आसपास कडक लागतं. तयार मिळणारा ४१४० तिशीत असतो, सुया त्याला खातील. शिवाय ते बुश काम करतं फक्त क्लच दाबल्यावर. एरवी नाक आणि बुश एकत्रच फिरतात. तेल मुरवलेलं ब्राँझचं बुश भरपूर झालं.

बसवताना मागचं कपलिंग आधी पिनेने पक्कं करा, इंजिनाचे बोल्ट सैल ठेवा. नाक बोटाच्या जोराने बुशमध्ये गेलं पाहिजे. जात नसेल तर इंजिनाखाली शिम (पातळ पत्रा) घालून किंवा सरकवून रेषेत आणा, मगच बोल्ट आवळा. माझ्या मते तुमची निम्मी झिणझिण इथेच जाईल.

बॅलन्स सगळ्यात शेवटी. मध्यापासून ३० मिमीवर १० ग्रॅम जादा असले, तर ३६०० आरपीएमला ते सव्वाचार किलोच्या ओढीने शाफ्टला खेचतात, अर्ध्या वेगाला त्याच्या चौथाईने. म्हणूनच तुम्हाला अर्ध्या थ्रॉटलला काही जाणवत नाही. क्लचची प्रेशर प्लेट आणि कपलिंगसकट शाफ्ट दोन समपातळीतल्या ग्राइंड केलेल्या पट्ट्यांवर ठेवा. जड बाजू आपोआप खाली येईल. माल काढायचा तो प्लेटच्या कडेचा, थोडा थोडा. शाफ्टला ग्राइंडर लावू नका.

प्रश्न : रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टचे (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या शाफ्टचे) क्रॉस बदलल्यापासून तो हादरे देतो. (नाशिक)

उत्तर : जोडताना आतली नळी फिरली असणार. दोन्ही टोकांचे आतल्या बाजूचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एकाच पातळीत हवेत, तरच एका क्रॉसने केलेला वेगातला चढउतार दुसरा क्रॉस मोडून काढतो. ट्रॅक्टर बंद करून शाफ्ट उपसा, योक जुळवून पुन्हा घाला, आणि वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं असेल तर तेही परत चढवा.