गेलेल्याचं काय करायचं? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

वसई परिसरातून महिनाभरात आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांचा विषय एकच आहे. घरातला कुणीतरी कॅथलिक धर्म सोडून गेला, आता त्याचं आमच्याशी नातं काय?

फादर, भाऊ 'बिलिव्हर' झाला, म्हणजे कॅथलिक चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथात गेला. त्याला तलावात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा दिला. पहिला रद्द झाला का? (गास)

नाही. स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, एकदाच होतो, पुसताही येत नाही. उद्या परत आला तर पुन्हा पाणी नाही, पापनिवेदन, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली, लागेल. ते कसं, हे तुमच्या फादरांना विचारा.

हिंदू झालेल्या काकांकडे दिवाळीला जेवलो तर पाप?

नाही. जेवा.

मुलीने हिंदू मुलाशी कोर्टात लग्न केलं, धर्म बदलला नाही. चर्चच्या वहीतून तिचं नाव कापतात म्हणे. एक एजंट पाच हजारांत 'चर्चची एनओसी' आणून देतो.

'म्हणे' कोण म्हणतं? वही म्हणजे रेशनकार्ड नव्हे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याला धर्मांतर लागतच नाही, तेव्हा तिने धर्म सोडलेला नाही. मात्र बिशपांच्या परवानगीशिवाय चर्च हे लग्न मानत नाही, आणि ते मार्गी लागेपर्यंत तिला ख्रिस्तशरीर (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेता येणार नाही. एजंटाला दारातूनच परत पाठवा आणि दोघांना घेऊन धर्मग्रामाच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, ऑफिसात जा.

थोरले बंधू लग्नासाठी हिंदू झाले. आता 74 वर्षांचे, अंथरुणाला खिळलेत. आमच्या सिमेट्रीत जागा मिळेल का? (निर्मळ)

हे आज विचारलंत, बरं केलंत. मला असा फोन रात्री साडेअकराला येतो. गेल्या पावसाळ्यात आला, तेव्हा ओट्यावर बर्फाच्या पेटीत मयत होतं, एक पुतण्या लाकडं सांगून आलेला, दुसरा क्रूस घेऊन उभा. मेलेल्या माणसाला काय हवं होतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

चर्चच्या कायद्यातला नियम, कॅनन 1184, सांगतो की उघडपणे श्रद्धा सोडलेल्याला चर्चचा अंत्यविधी नाही. मात्र मरणापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दिसली असेल तर आहे. फादरांना बोलवा म्हणाला, पापनिवेदन मागितलं, ही खूण. उशीखाली तुम्ही सरकवलेली रोझरी (जपमाळ) ही खूण नव्हे! शंका असेल तर निर्णय बिशपांचा, पुतण्यांचा नाही. दुसरी बाजूही ऐका. सदसद्विवेकावर जबरदस्ती नको, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, 1965 सालीच सांगितलं. त्यांना हिंदू म्हणूनच जायचं असेल तर बेशुद्धीत आजाऱ्यांच्या संस्काराचं तेल लावायला मला बोलावू नका. विधी नाकारला म्हणून प्रार्थना थांबत नाही. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) कुणाच्याही हेतूने अर्पण करता येते, जिवंत किंवा मृत. तेव्हा या आठवड्यात भावाच्या खाटेशी बसा, त्यांनाच विचारा, मग फादरांना भेटा.

'बिलिव्हर' मामा बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप (गॉडफादर) होऊ शकतो?

नाही. पर्याय काय, ते तारीख ठरवण्याआधी फादरांना विचारा. केक सांगून झाल्यावर नको.