केमोथेरपीच्या जोडीला इम्युनोथेरपी कशासाठी?

प्रश्न : माझ्या ५२ वर्षांच्या बहिणीला बी-पेशींचा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) आहे. केमोथेरपीनंतर तिच्या अस्थिमज्जेत कर्कपेशी आढळल्या नाहीत, तरीही डॉक्टरांनी पुढील केमोथेरपीबरोबर ब्लिनाटुमोमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध सुचवले आहे. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खालावते. मग तिच्याच बळावर चालणारे औषध जोडून काय साधणार?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर उपचारांच्या क्रमात दडलेले आहे. ही दोन्ही औषधे एकाच वेळी न देता त्यांच्या फेऱ्या सहसा आळीपाळीने दिल्या जातात. ब्लिनाटुमोमॅबचा रेणू एका टोकाने कर्कपेशीवरील सीडी-१९ या प्रथिनाला आणि दुसऱ्या टोकाने रुग्णाच्याच टी-पेशीला (रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीला) धरतो, त्यामुळे केमोथेरपीला न जुमानणारी पेशीही टी-पेशीच्या तावडीत सापडू शकते. कर्कपेशींची संख्या आधीच घटलेली असली, तर टी-पेशींवरचा भार हलका होतो आणि सायटोकाइन्सच्या (प्रतिकारपेशींनी सोडलेल्या, दाह वाढवणाऱ्या रसायनांच्या) उद्रेकाचा धोकाही कमी राहतो. म्हणजे केमोथेरपी येथे वाट मोकळी करून देते. हे औषध शरीरातून काही तासांतच निघून जात असल्याने प्रत्येक फेरीत ते पंपाद्वारे सलग २८ दिवस शिरेतून द्यावे लागते, ही गैरसोय मात्र लहान नाही.

तपासणीत पेशी न दिसणे म्हणजे त्या उरल्याच नाहीत, असे नव्हे. फिलाडेल्फिया गुणसूत्र (या आजाराच्या काही रुग्णांच्या कर्कपेशींत आढळणारा जनुकीय बदल) नसलेल्या आणि अत्यंत संवेदनशील तपासणीतही कर्कपेशी न आढळलेल्या ३० ते ७० वर्षे वयाच्या रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ केमोथेरपी घेणाऱ्या गटात ६८ टक्के, तर ब्लिनाटुमोमॅबची जोड मिळालेल्या गटात ८५ टक्के होते. बहिणीचा आजार याच प्रकारात मोडत असेल, तर डॉक्टरांची सूचना मला योग्य वाटते.

औषध सुरू असताना ताप, हातांना कंप, बोलण्यात अडखळणे किंवा गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ कळवावे. निरोगी बी-पेशींवरही सीडी-१९ असल्याने त्याही नष्ट होतात आणि संसर्गाचा धोका वाढतो. पण बी-पेशींविना माणूस काही काळ निभावून नेऊ शकतो. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगात ही सवलत नाही. तेथील कर्कपेशींवरच्या खुणा रक्त निर्माण करणाऱ्या निरोगी मूळ पेशींवरही असतात, म्हणूनच त्या आजारात असे औषध घडवणे अधिक अवघड ठरले आहे.