व्हॉल्व्ह स्प्रिंगा: डब्यावरचा आकडा आणि हेडमधलं माप

कॅमशाफ्टचा (थोडक्यात कॅमचा) उंचवटा व्हॉल्व्ह उघडतो आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग तो परत बंद करते. कॅमशाफ्ट बदलणाऱ्यांचे, बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) वाढवणाऱ्यांचे आणि नुसतीच हौस असणाऱ्यांचे प्रश्न साचले आहेत. सगळ्यांच्या मुळाशी गोंधळ एकच: जितकी कडक स्प्रिंग, तितकी चांगली. तसं नाही.

बाकी इंजिन कंपनीचंच आहे. कडक स्प्रिंगा टाकल्या तर पिकअप वाढेल का?

नाही. कॅम आणि रॉकर (कॅमचा जोर व्हॉल्व्हपर्यंत नेणारा हात) यांची झीज मात्र वाढेल.

‘८,००० आरपीएम’ असं डब्यावर छापलेला सेट ऑनलाइन मागवला आहे. विक्रेता म्हणतो, काहीही न मोजता थेट बसतो. जुन्या काढून नव्या लावल्या की झालं ना?

नाही झालं. ‘थेट बसतो’ याचा अर्थ एवढाच की स्प्रिंग त्या जागेत मावते.

स्प्रिंगचा जोर ती किती दाबून बसवली आहे त्यावर ठरतो. समजा, सेटच्या कागदावर लिहिलंय: ३५ मिमी उंचीला २५ किलो, आणि पुढे दर मिलिमीटरला ३ किलो. कॅमची लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह जितका उघडतो ते अंतर, ९ मिमी असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर जोर होतो २५ अधिक २७, म्हणजे ५२ किलो. हे सगळं कागदावर. तुमच्या हेडमधली सीट (बंद व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड) दोनदा घासून झाली असेल तर व्हॉल्व्ह आत बसलेला असतो, दांडा तेवढाच वर येतो आणि स्प्रिंगची जागा होते ३६.५ मिमी. बंद व्हॉल्व्हवरचा जोर तिथेच २०.५ किलोवर आला! नवीन सेटचे पैसे देऊन जुन्या स्प्रिंगेचाच जोर मिळाला, असंही यातून होऊ शकतं.

उलट बाजू जास्त धोक्याची. त्याच स्प्रिंगेचे वेढे २४ मिमीला एकमेकांना टेकत असतील आणि तुम्ही १०.५ मिमी लिफ्टचा कॅम घातला, तर पूर्ण उघडल्यावर उरतो फक्त अर्धा मिलिमीटर. किमान १ ते १.५ मिमी हवा. वेढे टेकले की स्प्रिंग ठोकळा होते. मग कॅमचा उंचवटा खरवडतो, रॉकर तुटतो किंवा लॉक (रिटेनरला व्हॉल्व्हच्या दांड्यावर अडकवणाऱ्या छोट्या पाचरी) निसटून व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. रिटेनरची (स्प्रिंगवरची टोपी) खालची कड आणि गाईडवरचं (दांडा ज्यात सरकतो ती नळी) ऑइल सील यांच्यातही पूर्ण लिफ्टला सुमारे दीड मिलिमीटर मोकळं राहायला हवं. हे तर कोणी बघतच नाही, आणि मग ‘नवीन सील महिन्याभरात गेलं’ म्हणून सीलवाल्याला शिव्या.

मोजायचं असं. स्प्रिंग न घालता व्हॉल्व्ह, रिटेनर आणि लॉक बसवा. रिटेनर हाताने वर ताणून धरा आणि स्प्रिंगच्या बैठकीपासून रिटेनरच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर घ्या. अॅल्युमिनियम हेडमध्ये स्टीलची बैठक-चकती जागेवर ठेवूनच. ती काढून उंची साधणारे महाभागही आहेत. सोळा व्हॉल्व्ह असतील तर सोळा नोंदी. जिथे उंची जास्त, तिथे स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती): वरच्या उदाहरणात दीड मिलिमीटरची शिम टाकली की पुन्हा २५ किलो. दुहेरी स्प्रिंग असेल तर आतल्या स्प्रिंगेची उंची वेगळी मोजा, कारण रिटेनरला पायरी असते. वेढे एका टोकाला दाट असतील तर ते टोक हेडकडे. आणि स्प्रिंगेला पक्कड लावू नका. पृष्ठभागावरचा ओरखडा हीच उद्याची चीर.

स्प्रिंग टेस्टर असलेल्या हेडच्या मशीन शॉपमध्ये सगळा सेट तपासून घ्या. कॅमच्या मापांचा कागद सोबत न्या.

हेड न उतरवता स्प्रिंगा बदलता येतात का?

येतात, पण वरची मापं आधी माहीत असतील तरच. ओव्हरहेड कॅम असेल तर बेल्ट किंवा चेनच्या खुणा करून कॅम उतरवावा लागतो. त्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर आणा, प्लगच्या भोकातून ६-७ किलो दाबाची हवा द्या. हवेने क्रँक गरकन फिरू शकतो, म्हणून त्यावर पाना ठेवून हात घालू नका. कॉम्प्रेसर नसेल तर पिस्टन थोडा खाली ठेवून भोकातून नायलॉनची दोरी सोडतात आणि क्रँक हाताने फिरवून ती व्हॉल्व्हला टेकवतात. दोरीचं टोक बाहेर राहू द्या. तेल उतरायच्या भोकांत कापड कोंबा, नाहीतर लॉक थेट संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत). रिटेनरवर सॉकेट ठेवून हलकी टिचकी मारा, मगच दाबा. नवीन लॉक ग्रीसने चिकटवून बसवा. ऑइल सील याच वेळी बदला. पहिल्यांदा करत असाल तर अनुभवी मिस्त्री शेजारी हवा.

टर्बोचा बूस्ट वाढवला आहे, रेव्ह लिमिट तीच. तरी स्प्रिंगा लागतील?

बहुधा. इनटेक व्हॉल्व्ह ३० मिमी व्यासाचा असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंमी. १ किलोचा बूस्ट त्याला मागून ७ किलोने उघडायला ढकलतो. २५ चे राहिले १८. एक्झॉस्टकडचा दाबही ट्यूनरकडून मोजून घ्या.

६,८०० च्या वर इंजिन फडफडतं, खाली आलं की ठीक. पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबलं तर चालेल?

नाही! कॉइल किंवा पेट्रोलचा दाबही कारण असू शकतो, ते आधी तपासा. पण स्प्रिंगा थकल्या असतील तर व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो आहे. हे ओझं आरपीएमच्या वर्गाने वाढतं: ६,००० वरून ७,००० ला ३६ टक्के जास्त. पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना गाठू शकतील असं इंजिन असेल तर एकच चुकलेला (चुकून खालचा पडलेला) गिअर पुरे. रेव्ह लिमिटर तिथे काही करत नाही, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. तोवर ५,५०० च्या आत चालवा आणि या आठवड्यात लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघणं) करा.

जुन्या अॅम्बॅसेडरला नवीन कॅम आणि दुहेरी स्प्रिंगा टाकल्या आहेत. लगेच चालवू?

सपाट टॅपेटचं इंजिन आहे, म्हणजे कॅम रोलरवर न फिरता टॅपेटच्या सपाट तळावर घासतो. आतल्या स्प्रिंगा काढून, झिंक जास्त असलेलं तेल घालून, सुरू करताच २,००० ते २,५०० वर वीस मिनिटं चालवा. आयडलवर सोडू नका. मग आतल्या स्प्रिंगा बसवा. कॅम बनवणाऱ्याची सूचना वेगळी असेल तर ती पाळा.

सीएनजीमुळे व्हॉल्व्ह आत बसतात म्हणे. कडक स्प्रिंगेने थांबेल?

वाढेल. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह बंद असताना राहणारी मोकळीक) तपासा आणि सीट कडक धातूच्या करता येतील का, ते मशीन शॉपला विचारा.