बसमध्ये चालणाऱ्या सुया घरात का थांबल्या?

आर्वी तालुक्यातील एका ताईंचे पत्र आले आहे. वर्ध्याच्या कार्यालयातील अकरा वर्षांची नोकरी त्या या महिनाअखेरीस सोडत आहेत, कारण येण्याजाण्यात रोज चार तास जातात आणि आता कंबर साथ देत नाही. एस.टी.त बसून विणायला घेतलेली सहा कामे पिशवीत अर्धवट पडली आहेत. त्यांतले आधी कोणते पूर्ण करावे, की सगळी लोकर अंगणवाडी सेविकेला देऊन मोकळे व्हावे, असे त्या विचारतात.

ताई, नोकरी सोडण्याचा निर्णय योग्य आहे. मी अडले ते तुम्ही कंसात लिहिलेल्या एका वाक्यापाशी: ‘टाळेबंदीत उन्हामुळे सुयांना हातच लागला नाही.’

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली, तुमचे कार्यालय बंद राहिले आणि प्रवासाचे चार तास रोज तुमच्या हाती आले, तरी विणकाम एका ओळीनेही वाढले नाही. दोष तुम्ही उन्हाला देता. वर्ध्याचा मे महिना मला ठाऊक आहे. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पण बाकीच्या वर्षी त्याच मे महिन्यात, खरांगण्याच्या रस्त्यावर, गाडीचा पत्रा तापलेला आणि घामाने लोकर बोटांना चिकटत असतानाही तुम्ही विणतच होता. ऊन दोन्हीकडे सारखे होते. धावत्या गाडीत तुम्हाला कोणी हाक मारू शकत नव्हते, घरात मात्र प्रत्येकाला ती मुभा होती.

म्हणूनच यजमानांचे ‘आता घरी निवांत विणत बस’ आणि सासूबाईंचे ‘आता घराकडे लक्ष राहील’ या दोन वाक्यांना तुम्ही पाठिंबा म्हणता, तेव्हा मला काळजी वाटते. माणसे प्रेमळ असतील. पण टाळेबंदीतही हीच माणसे घरात होती.

तुमची सहाही कामे मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडायच्या जागेशी, किंवा गळ्याशी येऊन थांबली आहेत, हे तुम्हीच लिहिले आहे. सुलट-उलटच्या सरळ ओळी हिसके खात विणता येतात. मुंढ्याला टाके घटवताना मात्र प्रत्येक ओळ मोजावी लागते, मागचा आणि पुढचा भाग जुळवावा लागतो, आणि मध्येच उठावे लागले की मोजणी चुकून पुन्हा उसवणे येते. म्हणजे आता तुम्हाला बसमध्ये मिळत होता त्याहूनही अधिक सलग वेळ हवा आहे, आणि तो त्या घराच्या ओसरीवर मिळणार नाही.

तेव्हा नोकरी सुटल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या गाडीच्याच वेळेला, पिशवी घेऊन घराबाहेर पडा. गावात गुरुदेव सेवा मंडळाचे प्रार्थना मंदिर असेल, तर सकाळचे ध्यान आटोपल्यावर तिथे शांतता असते. नसेल तर शाळेमागच्या लिंबाखाली बसा. दोन तास रोज, रविवार सोडून. लोक विचारतील, ‘नोकरी सोडली ना, मग निघाल्या कुठं?’ ‘विणायला’ एवढेच सांगा. आणि घरी हे आज रात्रीच, जेवताना, सगळ्यांसमोर बोला. एकदा सोमवार उलटला आणि तुमची घरी राहण्याची सवय सगळ्यांना लागली, की ते दोन तास मागून घेताना तुम्हालाच अपराधी वाटेल.

पिशवीत सोबत फक्त मोरपंखी कार्डिगन ठेवा. सहांपैकी तेवढाच तुम्ही स्वतःच्या मापाने विणायला घेतला आहे आणि तोच सर्वांत जुना आहे. वर्षानुवर्षे सुईवर राहिलेले टाके ताणले जातात, म्हणून वरच्या चार-पाच ओळी उसवा, टाके पुन्हा मोजून घ्या आणि मगच मुंढ्याला हात घाला. उसवलेली लोकर वळ्या पडलेली असेल. तिची लडी करून कोमट पाण्यात भिजवा आणि सावलीत वाळवा. बाकीची पाच कामे ट्रंकेत राहू द्या. सेविकेला सध्या काहीही देऊ नका, निदान मोरपंखी गुंडे तरी नाहीच. दोन्ही बाह्या व्हायच्या आहेत आणि इतक्या वर्षांनी त्याच लॉटचा रंग दुकानात मिळणार नाही.