कापलं तरी वाढणारं मांस

प्रश्न : मुलाने दाखवलेल्या एका इंग्रजी मालिकेत कार्डिफची टोळी परग्रहावरच्या जिवंत प्राण्याचं मांस कापून विकते. इतकं किळसवाणं का दाखवतात हो? – एक वाचक, डिचोली

उत्तर : तुम्ही पाहिलात तो 'टॉर्चवूड'चा 'मीट' हा भाग, ६ फेब्रुवारी २००८चा. मी तो फोंड्याला जेवताना बघायला बसलो. ताटात इसवणाची तळलेली तुकडी होती, ती तशीच राहिली.

गोदामात देवमाशासारखा अवाढव्य जीव जखडलेला, गुंगीत. कापलेला भाग पुन्हा भरून येतो, म्हणजे भांडवल न घालता रोजचा माल! मला हादरवलं ते याने, रक्ताने नव्हे. या टोळीकडे ना अंतराळयान, ना जगावर राज्य करायचा बेत. म्हापशाच्या बाजारात भाव करतील अशी ही चारचौघांसारखी माणसं. प्राण्याचा आक्रोश ऐकूनही त्यांचा सुरा थांबत नाही. शेवटी त्याला वाचवता येत नाही. टॉर्चवूड पथकातला ओवेन हा डॉक्टरच इंजेक्शन देऊन त्याला संपवतो.

किळस सोसत असेल तर त्याच वर्षीचा 'डॉक्टर हू' या मालिकेतला 'प्लॅनेट ऑफ द ऊड' हा भाग पाहा. तिथे ऊड नावाचे परग्रहवासी आपल्या मेंदूचा जो भाग हातात धरून वावरतात, तो छाटून त्याजागी भाषांतराचं यंत्र बसवतात आणि त्यांना गुलाम म्हणून विकतात. हे करते मात्र टोळी नव्हे, राजरोस चालणारी कंपनी. मुलाने आधी हाच दाखवायला हवा होता. आणि जेवताना नको.